बारा गांवचें पाणी

‘बारा गांवचें पाणी प्यालेला’ असें आपण एखाद्याविषयीं म्हणतों, तेव्हां त्यांत स्तुति किती आणि शंका किती हें म्हणणारासही नेमकें सांगतां येत नाहीं. अशा माणसाच्या गांठीं अनुभव असतो हें सर्वांस मान्य. पण त्याच्यावर घर सोंपवून कोणी तीर्थयात्रेस जात नाहीं. एके ठिकाणीं टिकला तो भला आणि फिरता राहिला त्याच्यांत कांहींतरी उणें, हा समज आपल्या मनांत फार खोल बसलेला आहे. ज्याच्या चरित्रावरून हा समज पुनः एकदां तपासून पाहावा असें मला वाटलें, तो गृहस्थ अक्षरशः बारा गांवचें पाणी प्यालेला आहे. मात्र तें पाणी गोठलेलें होतें! त्याचें नांव माइक सिलिंजर. राहणार कॅनडा देशाचा, आणि धंदा बर्फावरील हॉकीचा.

हॉकी म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें मेजर ध्यानचंद उभे राहतात. ही हॉकी निराळी. दोनशें फूट लांब आणि पंचायशीं फूट रुंद असें बर्फाचें अंगण; त्याच्या भोंवतीं कुंपण; पायांत पोलादी पात्यांचे बूट; आणि चेंडूच्या जागीं टणक रबराची चकती, जिला ते लोक ‘पक’ म्हणतात. एका वेळीं प्रत्येक पक्षाचे सहा गडी बर्फावर असतात व वीस वीस मिनिटांचे तीन डाव होतात. खेळाचा वेग असा कांहीं विलक्षण कीं, पाऊण मिनिट झालें नाहीं तोंच गडी धापा टाकीत कुंपणावरून बांकावर येतो आणि त्याच्या जागीं दुसरा उडी घेतो. खेळ चालूच असतो. चिरंजीव अमेरिकेंत ओहायओ राज्यांतील कोलंबस शहरीं नोकरीस आहेत. त्यांच्याकडे एक हिवाळा काढण्याचा योग आला तेव्हां आम्हां उभयतांना हा प्रकार प्रथम पाहावयास मिळाला. थंडीनें बाहेर पडण्याची सोय नव्हती, म्हणून जें बाहेर पाहिलें त्याविषयीं घरांत बसून वाचणें, हाच उद्योग होता. त्या वाचनांत ‘जर्नीमन’ हा शब्द वारंवार आला आणि मी त्यावर अडखळलों.

शिक्षकाची खोड अशी कीं शब्द अडला म्हणजे तो सोडवीत नाहीं तोंवर जेवण गोड लागत नाहीं. जर्नी म्हणजे प्रवास, तेव्हां जर्नीमन म्हणजे प्रवासी, असें कोणासही वाटेल. पण तसें नाहीं. हा शब्द फ्रेंच भाषेंतील ‘झुर्ने’, म्हणजे एक दिवस, यापासून निघाला. युरोपांत जुन्या काळीं उमेदवारी संपलेला, हातांत कसब आलेलें, पण स्वतःचें दुकान नसलेला असा जो कारागीर दिवसाच्या रोजावर दुसऱ्याकडे काम करी, तो जर्नीमन. आपल्या अमरकोशांत भृतक, कर्मकर, वैतनिक असे जे शब्द दिले आहेत त्यांच्या पंक्तींतला हा. पुढें खेळांत त्याला आणखी एक अर्थ चिकटला: जो उत्तम खेळतो, पण ज्याच्याभोंवतीं कोणी संघ उभा करीत नाहीं, ज्याला आज हा, उद्यां तो, असें घेतलें जातें. म्हणजे मूळ अर्थांत नसलेला प्रवास शब्दाच्या रूपामुळें शेवटीं त्याच्या नशिबीं आलाच!

सिलिंजर १९७१ सालीं सस्कॅचेवान प्रांताची राजधानी जी रेजायना, तेथें जन्मला. त्याच गांवच्या ‘पॅट्स’ या कुमारसंघांतून तो खेळला आणि लागोपाठ तीन हंगामांत प्रत्येकीं पन्नास किंवा त्याहून अधिक गोल त्यानें केले. तिकडे अशी पद्धत आहे कीं, अठरा वर्षांच्या आसपासचीं मुलें दरवर्षीं निवडलीं जातात. संघ पाळीपाळीनें नांवें उच्चारतात, आणि ज्यानें नांव उच्चारलें त्याचा तो मुलगा. मुलाला कोणी विचारीत नाहीं. १९८९ च्या निवडींत डिट्रॉइटच्या ‘रेड विंग्ज’ संघानें पहिल्या पाळीस सिलिंजरचें नांव घेतलें. सबंध निवडींत तो अकरावा. त्याच वर्षीं त्याच संघानें तिसऱ्या पाळीस निक्लस लिडस्ट्रॉम नांवाचा स्वीडनचा आणि चौथ्या पाळीस सर्गेइ फेदोरोव्ह नांवाचा रशियाचा असे दोन तरुण घेतले. लिडस्ट्रॉम १९९१ पासून २०१२ पर्यंत वीस हंगाम आणि १,५६४ सामने डिट्रॉइटसाठींच खेळला. दुसऱ्या कोणाचा अंगरखा त्यानें घातला नाहीं. फेदोरोव्हही त्या खेळांतील अत्युत्तमांत गणला गेला. आणि ज्याचें नांव या दोघांच्या आधीं घेतलें गेलें होतें, तो पुढें बारा संघांचा झाला. नॅशनल हॉकी लीगच्या इतिहासांत इतक्या संघांकडून कोणीही खेळलेला नाहीं.

आतां येथें ‘निवड चुकली’ असें म्हणून पुढें जाणें सोपें आहे. पण मला तें पटत नाहीं. सिलिंजर मधल्या जागीं खेळणारा होता, आणि डिट्रॉइटच्या मधल्या जागांवर त्या काळीं स्टीव्ह आयझरमन आणि हा फेदोरोव्ह असे दोन धुरंधर बसलेले होते. त्यांना उठवून त्याला बसविणार कोण? गुण होता, जागा नव्हती. ही गोष्ट आम्हां शिक्षकांस समजावून सांगावी लागत नाहीं. मी मॅट्रिक झाल्यावर पाठशाळेंत चार वर्षें कौमुदी घोकली आणि संस्कृत शिकविण्यासाठीं नोकरींत शिरलों. चौतीस वर्षांत सात गांवें पाहिलीं. त्यांतील तीन वेळां कारण एकच होतें: संस्कृत घेणारीं मुलें कमी झालीं, तुकडी मोडली, आणि कागदावर माझ्या नांवापुढें ‘अतिरिक्त’ हा शब्द आला. या शब्दांत शिव्या नाहींत, आरोप नाहीं. पण पाठांत उत्तम, उच्चार शुद्ध, वेळेवर हजर, या कशाचाही त्याच्याशीं संबंध नाहीं. हुकूम सौभाग्यवतीच्या हातीं दिला कीं ती एकदां वाचून म्हणे, “अतिरिक्त म्हणजे जास्तीचे ना? मग जास्तीचें तें ज्याला कमी आहे त्याला द्यायचेंच.” आणि माळ्यावरून गोणपाटें काढावयास लागे. तेव्हां मला हें तिचें व्याकरण विनोदी वाटे. सिलिंजरची हकीकत वाचल्यावर वाटूं लागलें कीं त्यांत अर्थ आहे. ज्यानें पाठविलें त्याचीच बाजू आपण पाहतों. पण दर खेपेस कोणीतरी मागितलेंही असतें. बारा वेळां मागितला गेलेला मनुष्य निरुपयोगी कसा म्हणावा?

तथापि शिक्षकाची बदली आणि या लोकांची अदलाबदल यांत एक मोठा भेद आहे, व तो दृष्टीआड करतां कामा नये. आमचा मालक बदलत नसे, गांव बदले. नोकरीचीं वर्षें, निवृत्तिवेतन, सारें आमच्याबरोबर येई. तिकडे खेळाडूशीं झालेला करारच एक संघ दुसऱ्यास देतो, आणि मोबदल्यांत कांहींतरी घेतो. तें ‘कांहींतरी’ काय असतें हें पाहण्यासारखें आहे. १९९५ च्या एप्रिलांत डिट्रॉइटनें सिलिंजरला अनाहाइमला दिला तेव्हां त्याच्याबरोबर आणखी एक गडी दिला आणि दोन गडी व पुढच्या एका निवडीचा हक्क घेतला. १९९८ च्या डिसेंबरांत फिलाडेल्फियानें त्याला टॅम्पाला धाडलें, तेंही जोडीनें. दोघे गेले, दोघे आले. व्हँकूव्हरहून फिलाडेल्फियास तो गेला तो निव्वळ निवडीच्या एका हक्काच्या बदल्यांत, म्हणजे ज्याचें नांवही अद्याप कोणास ठाऊक नाहीं अशा एका पोराच्या बदल्यांत! आणि २००१ सालीं फ्लोरिडानें त्याला ओटावाच्या हवालीं केलें तें ‘भावी विचारार्थ’. आपल्या बोलींत सांगावयाचें तर, ‘घेऊन जा, देण्याघेण्याचें मागाहून पाहूं.’ सर्वांत चमत्कारिक दिवस २२ जुलै २००३ हा. त्या दिवशीं कोलंबसनें त्याला डॅलसला दिलें, आणि डॅलसनें त्याच दिवशीं त्याला फीनिक्सला दिलें. एका दिवसांत दोन मालक झाले. डॅलसच्या बर्फावर त्या संघाचा म्हणून त्यानें पाऊलही ठेवलें नाहीं, म्हणून तें गांव बारांत धरीत नाहींत.

हें मी मोठ्यानें वाचून दाखवीत होतों. सौभाग्यवतीला खेळांत रस नाहीं. पण तिनें तारखा मात्र नीट ऐकल्या. व्हँकूव्हरला कधीं गेला? १९९६ च्या मार्चांत. फ्लोरिडाला? २००० च्या मार्चांत. ओटावाला? मार्च २००१. सेंट लुइसला? मार्च २००४. “अहो, मार्चांत?” ती म्हणाली. “मुलांच्या परीक्षा तोंडावर, आणि बिऱ्हाड हलवायचें? आपल्याला निदान जून तरी मिळायचा!” तिकडील शाळांचें वर्ष निराळें हें खरें, पण तिचा मुद्दा खोटा नव्हता. हंगाम शरद ऋतूंत सुरू होतो आणि अदलाबदलीची शेवटची मुदत हिवाळा सरतां सरतां येते. त्या मुदतीच्या आधींच्या दिवसांत सर्वच संघांत खळबळ असते. निरोप येतो, खेळाडू पिशवी घेऊन विमानांत बसतो, आणि कित्येकदां दुसऱ्या दिवशीं नव्या संघाच्या अंगरख्यांत खेळतोही. मागें राहते ती बायको, भाड्याचें घर, दूधवाल्याचा हिशोब आणि शाळेंतलीं मुलें. अनाहाइमहून व्हँकूव्हर, व्हँकूव्हरहून फिलाडेल्फिया; म्हणजे आधीं देश ओलांडायचा आणि मग सबंध खंड. या लोकांस वेतन भरपूर मिळतें, आमच्या वेतनाशीं त्याची तुलनाच नको. पण नवव्या शाळेंतल्या पहिल्या दिवशीं मधल्या सुट्टींत एकट्या बसलेल्या मुलास बापाच्या वेतनाचा उपयोग कितीसा?

वेतनाचा विषय निघाला म्हणून सांगतों, तें वेतनही आपोआप वाढलेलें नाहीं. १९४२ पासून १९६७ पर्यंत या लीगमध्यें अवघे सहा संघ होते. म्हणजे सगळ्या मिळून सव्वाशेंच्या आसपास जागा. करारांत असें एक कलम असे कीं, मुदत संपली तरी खेळाडूवरचा हक्क संघाचाच राहावा. खेळाडूनें नकार दिला तर घरीं बसावें. दुसऱ्याकडे जाण्याची मुभा नाहीं. १९५७ सालीं टेड लिंड्से नांवाच्या डिट्रॉइटच्या नामांकित खेळाडूनें सोबत्यांना जमवून खेळाडूंचा संघ उभारण्याचा घाट घातला. तो त्या वेळीं ऐन भरांत होता. तरी त्याला उचलून शिकागोस पाठविण्यांत आलें. तेव्हां बदली ही शिक्षा म्हणूनही देतां येते, ही विद्या कांहीं आपल्याच कचेऱ्यांची मिरास नव्हे. खेळाडूंची संघटना अखेर १९६७ सालीं स्थापन झाली. तिची घडी बसविणारा वकील ॲलन ईगलसन हाच पुढें खेळाडूंचे पैसे लुबाडल्याबद्दल १९९८ सालीं तुरुंगांत गेला, हा त्यांतला कडू भाग. पण संघटना टिकली, आणि करार संपल्यावर आपण होऊन जागा निवडण्याचा हक्क खेळाडूंस हळूहळू मिळाला. सिलिंजर २००१ सालीं कोलंबसला गेला तो असा, स्वतःच्या सहीनें. त्या बारांतील ज्या थोड्या गांवीं तो आपल्या मर्जीनें गेला त्यांतलें हें एक.

लीगच्या खालीं दुय्यम मंडळें आहेत आणि खरे रोजंदार तेथें आढळतात. तेथें बसगाड्यांतून रात्रभर प्रवास करावयाचा, वरून बोलावणें येईल म्हणून वाट पाहावयाची, आणि आलेंच तर तें चार दिवसांसाठीं कीं चार वर्षांसाठीं याचा विचार न करितां निघावयाचें. अशांपैकीं एकाचें नांव येथें न घेतल्यास अन्याय होईल. विली ओ'री हा न्यू ब्रन्सविक प्रांतांतील फ्रेडरिक्टनचा. १८ जानेवारी १९५८ रोजीं तो बॉस्टनकडून मॉन्ट्रियल येथें उतरला, तेव्हां त्या लीगमध्यें खेळणारा तो पहिला कृष्णवर्णी मनुष्य ठरला. त्याच्या वांट्यास तेथील सामने आले अवघे ४५ आणि गोल ४. पुढें तो लॉस एंजेलिस व सॅन डिएगो येथील दुय्यम संघांत राहिला आणि वीस वर्षांहून अधिक काळ खेळला. या सर्व काळांत त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टि जवळजवळ गेलेली होती. वरच्या पायरीवर येण्यापूर्वींच चकती लागून ती गेली होती, आणि त्यानें ही गोष्ट लपवून ठेविली, कारण कळतें तर खेळूं देते ना. डाव्या बाजूस खेळतांना चकती उजवीकडून येई आणि ती पाहण्यास मान पूर्ण फिरवावी लागे. लॉस एंजेलिसला त्याला उजव्या बाजूस हलविलें आणि तो तेथें गोलांचा पाऊस पाडूं लागला. हिशोबनिसाच्या वहींत तो ४५ सामन्यांचा मनुष्य. २०१८ सालीं त्याला त्या खेळाच्या कीर्तिमंदिरांत स्थान दिलें आणि २०२२ च्या जानेवारींत, बरोबर चौसष्ट वर्षांनीं, बॉस्टननें त्याचा २२ हा आंकडा यापुढें कोणासही द्यावयाचा नाहीं असें ठरविलें. म्हातारपणीं का होईना, त्याला तें पाहतां आलें.

सिलिंजरला कोण आणि कशासाठीं मागत असत, तें आतां सांगतों. खेळ थांबून पुनः सुरू होतो तेव्हां पंच दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मध्यें चकती टाकतो, आणि दोघे वांकून काठीनें ती आपल्या गड्यांकडे ओढूं पाहतात. निमिषाचें काम, पण चकती ज्याची त्याचा डाव. दुसरें असें कीं, एखाद्या गड्यानें नियमभंग केल्यास त्याला दोन मिनिटें बाहेर बसवितात आणि उरलेल्यांस एक गडी कमी घेऊन तग धरावी लागते. त्या दोन मिनिटांत आडवें पडून अंगावर मार घेणारा, धांवून धांवून प्रतिपक्षाची वाट अडविणारा मनुष्य लागतो. प्रेक्षक त्या वेळीं त्याचें नांव घेऊन ओरडत नाहींत. हीं दोन कामें सिलिंजर चोख करी. लग्नघरांत आचारी आणि भटजी सर्वांस दिसतात. पाणी भरणारा एके दिवशीं आला नाहीं म्हणजे मात्र यजमान स्वतः कळशी घेऊन धांवतो. ज्या संघाच्या घरीं पाणी भरणारा नसे तो सिलिंजरला बोलावी.

त्याचा सर्वांत भरघोस हंगाम कोणता, तर २००५-०६ चा. त्यापूर्वींचें सबंध वर्ष मालक व खेळाडू यांच्या तंट्यांत बुडालें होतें, एकही सामना झाला नव्हता. या मनुष्याचें वय चौतीस; बहुतेक जण त्या वयांत काठी खुंटीस लावतात. त्यानें सेंट लुइसकडून २२ गोल केले, जानेवारींत सेंट लुइसनें त्याला नॅशव्हिलला दिलें, आणि तेथें त्यानें आणखी १० केले. एकूण ३२, इतके त्यानें पूर्वीं कधीं केले नव्हते. म्हणजे आयुष्यांतलें उत्तम वर्षही एका अंगरख्यांत पुरें झालें नाहीं. मग न्यू यॉर्क आयलंडर्स हें बारावें बिऱ्हाड. तेथें खुब्याच्या दुखण्यानें गांठलें, शस्त्रक्रिया झाली, आणि २००९ सालीं तो थांबला. १,०४९ सामने, २४० गोल. स्टॅन्ली चषक, जो त्या खेळांतला सर्वोच्च मान, तो त्याच्या हातीं कधींच लागला नाहीं. डिट्रॉइटनें तो जिंकला १९९७ सालीं, हा गेल्यावर दोन वर्षांनीं. टॅम्पानें २००४ मध्यें. अनाहाइमनें २००७ मध्यें. सगळीकडे हा आधीं निघून गेलेला. घरभरणीस न राहिलेल्या गवंड्याप्रमाणें. पण गवंड्यास ती भिंत माझी नव्हे असें कोणी म्हणूं नये.

त्याचे मुलगेही हेंच खेळतात. त्यांतील कोल हा १६ मे २००३ रोजीं जन्मला, तो कोलंबस शहरांतच. बाप तेव्हां तेथील संघांत होता. तो सव्वादोन महिन्यांचा झाला नाहीं तोंच वर सांगितलेला तो दोन मालकांचा दिवस उजाडला. ही तारीख जुळविली तेव्हां सौभाग्यवती विणकाम खालीं ठेवून म्हणाली, “म्हणजे बाळंतीण उठते न उठते तोंच तिनें ट्रंका बांधल्या.” पुढें २०२१ च्या निवडींत कोलंबसची पाळी बारावी आली आणि त्यांनीं नांव उच्चारलें तें कोल सिलिंजर याचें. बाप अकरावा, लेक बारावा. त्याच वर्षीं, अठरा वर्षांचा असतांना, तो त्या संघाकडून खेळूं लागला. मार्च २०२२ मध्यें त्यानें एका सामन्यांत तीन गोल केले. त्या संघांत इतक्या लहान वयांत हें कोणीं केलें नव्हतें.

आम्हीं पाहिलेल्या सामन्यांत तो होता. चिरंजीवांनीं बोट दाखवून सांगितलें तेव्हां तो वांकून चकतीची वाट पाहत उभा होता, आणि माझें लक्ष त्याच्या काठीकडे जाईपर्यंत चकती त्याच्या गड्याकडे गेलीही होती. सौभाग्यवती मात्र बर्फाकडे पाहतच नव्हती. वरच्या रांगांतून बसलेल्या बायकांत त्याची आई कोणती असेल, याचा ती शोध घेत होती.